‘वडिलांच्या फ्लॅटची २००१ ची किंमत किती?’ – एका इस्टेट एजंटचे उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात नौपाड्यात वडिलांनी १९८३ साली ९५ हजारांना वन बीएचके घेतला. ४५० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतले क्षेत्र), दुसरा मजला, तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. वडील २०१२ मध्ये गेले. आता आई, तुम्ही आणि कॅनडात स्थायिक झालेली बहीण मिळून तो १ कोटी १० लाखांना विकताय. सीएने १ एप्रिल २००१ ची किंमत मागितली आहे. एका एजंटाने फोनवरच १८ लाख सांगितले, दुसऱ्याने आठ. कोणाचे धरायचे, आणि मुळात एजंट हा आकडा काढतो कसा?

दोघांपैकी कोणाचेही तोंडी धरू नका. आठवाला बाजाराच्या जवळ असावा असे मला वाटते, पण तुमच्या करासाठी तोही आकडा चालेलच असे नाही. का, ते खाली येईलच. अठरावाल्याने काय केले असेल तेही सांगतो, कारण आमच्या धंद्यात ही चूक सर्रास होते.

आधी २००१ कशासाठी हे स्पष्ट असू द्या. घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो आणि नफा काढताना विक्रीतून मूळ खर्च वजा होतो. जी मालमत्ता १ एप्रिल २००१ च्या आधी घेतली, तिच्या बाबतीत खरा खरेदीचा आकडा धरायचा की त्या दिवशीची रास्त बाजार किंमत, हे निवडायची मुभा प्राप्तिकर कायदा देतो (३१ मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यात ते कलम ५५ होते). पूर्वी ही तारीख १ एप्रिल १९८१ होती. २०१७ च्या वित्त कायद्याने ती वीस वर्षे पुढे आणली. तुमच्याकडे ९५ हजार विरुद्ध २००१ ची किंमत अशी निवड आहे, म्हणजे निवड करण्यासारखे काही नाहीच.

इथे बरेच जण एका जागी अडखळतात. फ्लॅट तुमच्या नावावर २०१२ नंतर आला म्हणून २०१२ ची किंमत काढा, असे सांगणारे एजंट मी पाहिले आहेत. वारसाने किंवा बक्षिसाने आलेल्या मालमत्तेला आधीच्या मालकाचीच तारीख आणि त्याचाच खर्च लागतो. वडिलांनी १९८३ ला घेतला म्हणून तुम्हाला २००१ चा पर्याय मिळतो. जुना खर्च महागाईप्रमाणे वाढवून धरायला वापरतात तो महागाई निर्देशांकही वारसाला मिळाल्यापासून नव्हे, तर आधीच्या मालकाच्या काळापासून धरायचा, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. तेव्हा मृत्यूच्या तारखेचे व्हॅल्युएशन कोणी करून देत असेल तर त्याचे पैसे वाचवा.

आता १८ लाख. माझा अंदाज, त्या गृहस्थांनी दोनांपैकी एक गोष्ट केली. पहिली, आजच्या किमतीला निर्देशांकाने भागले. २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे १ कोटी १० लाख भागिले ३.७६, उत्तर २९ लाखांच्या वर येते. ते स्वतःलाच जास्त वाटले, म्हणून मग ‘१८ धरा’. दुसरी शक्यता, आजचा भाव घेऊन ‘दर नऊ-दहा वर्षांनी दुप्पट’ अशा हिशोबाने मागे मागे आले. दोन्हींत दोष एकच. निर्देशांक महागाई मोजतो, नौपाड्यातल्या जागेचा भाव मोजत नाही. आणि मागे मोजत आलात की आजच्या किमतीत जे जे मिसळलेले आहे ते सगळे २००१ मध्ये जाऊन बसते.

काय काय मिसळलेले आहे बघा. तुमची इमारत आज बेचाळीस वर्षांची, तीन मजली. अशा इमारतीतल्या वन बीएचकेला कोणी १ कोटी १० लाख देतो तेव्हा तो जिना चढून त्या ४५० फुटांत राहण्याचे एवढे पैसे देत नसतो. तो रिडेव्हलपमेंटचे, म्हणजे इमारत पाडून नवी होण्याच्या आशेचे पैसे देतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनंतर ठाण्यासारख्या शहरात जुन्या सोसायट्यांना एफएसआयचे (प्लॉटवर किती बांधकाम करता येते त्या प्रमाणाचे) गणित जमू लागले आणि जुन्या घरांच्या भावात ती आशा शिरली. २००१ मध्ये तुमची इमारत अठरा वर्षांची होती. ती पाडायची गोष्ट कोणाच्या डोक्यातही नव्हती. त्या दिवशीचा खरेदीदार फक्त फ्लॅट घेत होता.

शिवाय २००१ हे साल कुठले होते ते विसरू नका. मुंबई आणि आसपास ९४-९५ ला भाव चढले, मग पडले, आणि २००३ पर्यंत बाजार सुस्तच होता. ज्यांनी ९५ ला घेतले होते ते २००१ मध्ये तोट्यात विकत होते. लोकांच्या आठवणीत मात्र भाव कायम चढताच असतो. ‘अहो, तेव्हासुद्धा आमच्या शेजाऱ्यांना बारा लाख आले होते’ असे सांगणाऱ्या काकांचे बारा लाख बहुतेक वेळा एकतर १९९५ चे असतात नाहीतर २००५ चे.

अजून एक गोष्ट. भागाभागातले अंतर तेव्हा वेगळे होते. नौपाडा म्हणजे स्टेशनला चालत, शाळा, बाजार, गोखले रोड. घोडबंदर रोडला तेव्हा तुरळक इमारती होत्या आणि भाव नौपाड्याच्या मानाने पुष्कळ खाली. आज ते अंतर कमी झाले आहे, काही मोठे प्रकल्प तर नौपाड्याच्या जुन्या इमारतींच्या बरोबरीला आले. म्हणून ‘ठाण्याचा भाव इतक्या पट झाला’ हे वाक्य एजंटाच्या तोंडून ऐकले की विचारा, ठाणे म्हणजे कुठले?

मग काढायचा कसा? मी दोन वाटांनी काढतो आणि शेवटी दोन्ही समोरासमोर ठेवतो. एक सरकारी दराची, दुसरी त्या काळातल्या खऱ्या सौद्यांची.

सरकारी वाट आधी, कारण तुमच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचाच. २०२० च्या वित्त कायद्याने कलम ५५ मध्ये एक अट घातली. जमीन किंवा इमारत असेल तर २००१ ची रास्त बाजार किंमत म्हणून जे धराल ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा (मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरते त्या किमतीपेक्षा) जास्त असता कामा नये, अर्थात असे मूल्य उपलब्ध असेल तर. आपल्याकडे ते उपलब्ध असते. रेडी रेकनर, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते. या अटीआधी व्हॅल्युअरकडून घसघशीत आकडा लिहून आणायची पद्धत होती. ती आता बंद पडली, निदान पडायला हवी होती.

कुठल्या वर्षाचा तक्ता? २००१ चाच. त्या काळी रेडी रेकनर १ जानेवारीला लागू व्हायचा, १ एप्रिलची पद्धत २०१६ पासून आली. म्हणजे १ एप्रिल २००१ ला जानेवारी २००१ चा तक्ता चालू होता. आजच्या सवयीने कोणी ‘एप्रिलच्या आधीचा म्हणून २००० चा’ घेतला तर आकडा चुकतो. अलीकडच्या वर्षांचे दर विभागाच्या संकेतस्थळावर बसल्या जागी दिसतात, २००१ साठी मात्र कागद शोधावा लागतो. सह जिल्हा निबंधक कार्यालयात अर्ज करून त्या पानाची प्रत मागता येते. जुन्या व्हॅल्युअरांकडे आणि मुद्रांकाचे काम करणाऱ्या वकिलांकडे छापील पुस्तके जपून ठेवलेली असतात. मी आधी पुस्तकात बघतो, पण सीएला देताना शक्यतो कार्यालयाची प्रत देतो. पुस्तकाच्या झेरॉक्सवर शिक्का नसतो.

पान हातात आले की पहिले काम म्हणजे आपला फ्लॅट कुठल्या विभागात पडतो ते पाहणे. त्यासाठी सिटी सर्व्हे नंबर लागतो, नुसता पत्ता पुरत नाही. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे दर असू शकतात. करारनाम्यात जुना सर्व्हे नंबर असेल तर मालमत्ता पत्रकावरून सिटी सर्व्हे नंबर मिळवा. मग रकाने: खुली जमीन, निवासी, कार्यालय, दुकान, औद्योगिक. तुमचा निवासी, पण खुल्या जमिनीचा आकडाही टिपून ठेवा, लगेच लागणार आहे.

क्षेत्रफळात सर्वाधिक गोंधळ होतो. तक्त्याचा दर चौरस मीटरला आणि बिल्टअपवर, म्हणजे भिंतींसकट क्षेत्रावर असतो. करारनाम्यात कार्पेट असेल तर साधारण १.२ ने गुणून बिल्टअप काढतात. ४५० चे ५४० फूट झाले, त्याला १०.७६४ ने भागले की ५०.१७ चौरस मीटर. कित्येक जुन्या करारांत नुसते ‘५६० फूट’ लिहिलेले असते, कार्पेट की सुपर बिल्टअप (जिना-पॅसेजचा वाटा धरून) ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. अशा वेळी मी टेप घेऊन जातो आणि आतून मोजतो. महापालिकेच्या कर आकारणीच्या उताऱ्यावरचे क्षेत्रही ताडून पाहतो.

आता घसारा. इमारत जुनी असेल तर दर कमी होतो, पण सरसकट नाही. आज दुय्यम निबंधकाकडच्या मूल्यांकन पत्रकावर सूत्रच छापून येते: फ्लॅटच्या दरातून खुल्या जमिनीचा दर वजा करा, उरलेल्याला वयानुसार टक्केवारी लावा, आणि जमिनीचा दर परत मिळवा. जमीन जुनी होत नाही, बांधकाम होते, हा त्यामागचा विचार. २००१ साठी त्या वर्षीच्या पुस्तकात दिलेल्या मार्गदर्शक सूचनाच लावायच्या, आजच्या नव्हेत. लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या मजल्यांबद्दल त्यात काही असेल तर तेही. आणि वय २००१ ला किती होते ते मोजायचे, आज किती आहे ते नव्हे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नाही तर पहिली घरपट्टीची पावती वय सांगते.

आकड्यात बसवून दाखवतो. दर फक्त समजावण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या पानावर जे असतील ते घाला. समजा २००१ ला निवासी दर १५,००० आणि खुल्या जमिनीचा ५,००० रुपये चौरस मीटर. फरक १०,०००. अठरा वर्षांच्या इमारतीला ८० टक्के धरले तर ८,०००, अधिक जमिनीचे ५,०००, म्हणजे १३,०००. गुणिले ५०.१७. आले ६ लाख ५२ हजार.

ही झाली कमाल मर्यादा. पण कायदा म्हणतो रास्त बाजार किंमत, आणि ती मुद्रांक मूल्याहून जास्त नको. म्हणजे बाजारच त्याखाली असेल तर बाजाराचा आकडा धरायचा. तुम्ही म्हणाल रेडी रेकनर बाजाराच्या वर कधी असतो का? पडत्या बाजारात असतो. भाव घसरतात आणि तक्ता त्यामागून सावकाश येतो. म्हणून दुसरी वाट चालावीच लागते, आणि एजंटाचा खरा उपयोग तिथेच आहे.

दुसरी वाट म्हणजे त्या सुमारास, त्या गल्लीत, तसल्याच घराचे प्रत्यक्ष सौदे. ते मिळतात सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे असतात. मोबदला म्हणजे पक्षकारांनी लिहिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे सरकारने मुद्रांकासाठी धरलेली. त्या वेळच्या दस्ताचा बाजारभाव आणि क्षेत्र मिळाले तर वरचा रेडी रेकनरचा हिशोब बरोबर बसतो की नाही तेही तपासून होते. एका कागदात दोन कामे.

अडचण अशी की नोंदणी संगणकावर आली ती साधारण २००२ पासून. ऑनलाइन शोध मुंबईपुरता १९८५ पर्यंत मागे जातो, उरलेल्या महाराष्ट्रात २००२ च्या अलीकडचाच धरून चाला. त्याआधीचे म्हणजे हस्तलिखित रजिस्टरे. कार्यालयात शोध फी भरून ती पाहावी लागतात. नुसते ‘नौपाडा, २००१’ म्हणून बसलात तर संध्याकाळ होईल आणि हाती काही लागणार नाही.

माझी युक्ती सांगतो. आधी सोसायटीच्या ऑफिसात जा. तुमच्या आणि शेजारच्या दोन-चार सोसायट्यांच्या. सभासदांची नोंदवही, म्हणजे आय रजिस्टर, आणि शेअर ट्रान्सफरच्या नोंदी पाहा. तिथे किंमत नसते, पण २००० ते २००२ मध्ये कुठला फ्लॅट कोणाकडून कोणाकडे गेला ते तारखेनिशी असते. मग एकतर त्या घरमालकालाच विचारायचे, ‘काका, कराराची पहिली दोन पाने आणि इंडेक्स टू दाखवता का, तुमच्याही कामाचे आहे’ (खरेच असते, त्यांनाही कधीतरी विकायचे असते), नाहीतर नाव आणि महिना घेऊन निबंधकाकडे जायचे. मग शोध अर्ध्या तासात होतो. सेक्रेटरी जुने असतील तर तेच सांगतात, ‘बी विंगमधला बँकेच्या कर्जावर घेतला होता, तिथे व्हॅल्युएशन रिपोर्ट असेल.’ त्या वेळचा बँकेचा व्हॅल्युएशन रिपोर्ट म्हणजे सोने. तो करासाठी म्हणून बनवलेला नसतो, त्यामुळे त्यावर कोणी बोट ठेवत नाही.

सौदे मिळाले की गाळायला घ्या. समजा चार मिळाले. फेब्रुवारी २००१ चा, त्याच रस्त्यावरचा, १९७८ ची इमारत, दुसरा मजला, ५८० फूट बिल्टअप, ८ लाख १२ हजार. म्हणजे १,४०० रुपये फूट. दुसरा नोव्हेंबर २००० चा, पण पाच वर्षांची नवी इमारत, लिफ्ट आणि पार्किंग, १,७०० रुपये. तिसरा जुलै २००१ चा, १९८४ ची इमारत, तळमजला, ५०० फूट, ६ लाख ७५ हजार, म्हणजे १,३५०. चौथा एप्रिल २००१ चा, तारीख अगदी हवी तशी, किंमत ३ लाख.

चौथा बघून मोह होतो, तारीख तंतोतंत जुळते. पण दस्त उघडला तर बहिणीने भावाला दिलेला. नात्यातला व्यवहार बाजाराचा भाव सांगत नाही, काढून टाका. हक्कसोड, बक्षीसपत्र आणि बँकेचा लिलाव यांचेही तेच. दुसरा सौदा ठेवायचा, पण कमाल म्हणून. लिफ्टवाली नवी इमारत आपल्यापेक्षा वर असणारच. खरा आधार पहिल्या आणि तिसऱ्याचा. तळमजला थोडा कमी जातो, आपला दुसरा मजला आहे, पण लिफ्ट नाही. १,३५० ते १,४५० हा पट्टा मला पटतो. गुणिले ५४०: ७ लाख २९ हजार ते ७ लाख ८३ हजार.

एक सापळा इथे सांगून ठेवतो, कारण चांगले चांगले त्यात सापडतात. बिल्डरकडच्या पहिल्या विक्रीचा करार २००१ मध्ये नोंदला असला तरी भाव बुकिंगच्या दिवशीचा असतो. बुकिंग ९८ चे, हप्ते भरत करार २००१ ला. तो भाव ९८ चा. करारातल्या पावत्यांच्या यादीत पहिल्या चेकची तारीख असते, ती वाचा. तसेच दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांपर्यंत नोंदता येतो, तेव्हा नोंदणीची नव्हे, सहीची तारीख धरा.

जुन्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती काही जण कापून आणतात. बघायला मजा येते, पण ती मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे. सुस्त बाजारात दोन्हींत चांगलेच अंतर पडते. पुरावा म्हणून मी लावत नाही.

आणि ‘कागदावर सात असले तरी रोखीने वर तीन दिले होते’ ही गोष्ट. दिले असतील. त्या काळात एक नंबर-दोन नंबर सर्रास चालायचे. पण कागदाबाहेरचे पैसे धरून तुम्ही रास्त किंमत सिद्ध करणार कशी? आणि मुद्रांक मूल्याचे झाकण वर आहेच. तो विषय सोडा.

आता दोन्ही वाटा समोरासमोर. बाजार ७.२९ ते ७.८३ लाख, रेडी रेकनर ६.५२ लाख. आठ सांगणारा एजंट बाजाराच्या दृष्टीने फार चुकला नव्हता. पण करासाठी तुम्हाला ६.५२ लाखांवर जाता येत नाही. तरीही बाजाराचे सौदे जोडा, कारण ‘किंमत रेडी रेकनरपेक्षा कमी नव्हती’ हे त्यातून दिसते. म्हणजे कमाल मर्यादा पूर्ण वापरायला तुमच्याकडे आधार आहे.

या आकड्याने कर किती हलतो तेही बघू, नाहीतर दोन लाखांसाठी महिनाभर भांडाल. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर, निर्देशांकाचा लाभ नाही. मात्र जमीन किंवा इमारत त्या तारखेआधी घेतलेली असेल तर निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला जुनी २० टक्क्यांची निर्देशांकासह पद्धत ताडून पाहता येते, कमी येईल तो कर. विक्री २०२५-२६ मधली धरतो, अधिभार-उपकर बाजूला ठेवतो, आणि तुमच्या तिघांचा हिस्सा न पाडता एकत्र मांडतो. १२.५ टक्क्यांनी: ११० वजा ६.५२, म्हणजे १०३.४८ लाखांवर १२.९४ लाख. निर्देशांकाने: ६.५२ चे ३.७६ पट २४.५२, नफा ८५.४८, त्यावर २० टक्के म्हणजे १७.१० लाख. तुम्हाला १२.५ टक्केच परवडते.

सीमारेषा कुठे? विक्री किंमत २००१ च्या किमतीच्या साधारण ८.३६ पटीपेक्षा कमी असेल तर ३७६ च्या निर्देशांकाने जुनी पद्धत स्वस्त पडते, जास्त असेल तर नवी. ठाणे, पुणे, मुंबईत बहुतेकांचे घर या रेषेच्या पुढे गेलेले असते. तुमचे जवळपास सतरा पट आहे. या बाजूला २००१ ची किंमत एक लाखाने वाढली तर कर फक्त साडेबारा हजारांनी कमी होतो. जुन्या पद्धतीत त्याच एका लाखामागे ७५ हजार वाचायचे. व्हॅल्युअरांकडची गर्दी का ओसरली ते यावरून लक्षात येईल.

आणि १८ लाखांचा मोह कुठून येतो तेही यात दिसते. १८ धरले की पट सहावर येते, रेषा ओलांडून आपण निर्देशांकाच्या बाजूला जातो, आणि कर ८.४६ लाखांवर उतरतो. साडेचार लाख वाचल्यासारखे दिसतात. पण रेडी रेकनर ६.५२ सांगत असताना १८ टिकणार नाही. अधिकाऱ्याला फार काही करावे लागत नाही, २००१ चे ते एक पान काढले की झाले. मग फरकाचा कर, त्यावर व्याज आणि दंड. एजंटाचे यात काहीच जात नाही, त्याची दलाली तोवर जमा झालेली असते.

२००१ नंतर केलेली मोठी कामे, म्हणजे पोटमाळा, नवे स्वयंपाकघर, सोसायटीने घेतलेला दुरुस्ती निधी, यांच्या पावत्या असतील तर सीएला द्या. त्याआधीची कामे २००१ च्या किमतीत आलीच, ती वेगळी मिळत नाहीत. रंगरंगोटी धरू नका.

जमीन असती तर उत्तर बरेच बदलले असते, म्हणून थोडे सांगतो. आज बिनशेती प्लॉट म्हणून विकताय, पण बिनशेती आदेश २००६ चा असेल, तर २००१ ला ती शेतजमीनच होती आणि दरही शेतीचाच लागेल. गावच्या तक्त्यात शेतीचा दर जिरायत-बागायत आणि आकारणीप्रमाणे असतो, त्यामुळे त्या सालचा सातबारा आणि फेरफार हवेत. आजचा सातबारा काही सांगत नाही. गाव महापालिकेत कधी आले तेही पाहा. बाणेर-बालेवाडीसारखी गावे १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली, हिंजवडी तेव्हा आली नव्हती, मग दोघांचे तक्ते एकाच धाटणीचे असणार नाहीत.

एजंट म्हणून मी जे लिहून देतो ते मत असते, प्रमाणपत्र नव्हे. लेटरहेडवर तारीख, कशासाठी मागितले, कुठले कागद पाहिले, क्षेत्र कसे मोजले, २००१ चा विभाग व दर, तीन सौदे आणि ते का घेतले, एक सौदा आणि तो का टाकला, आणि शेवटी पट्टा. एकच गोल आकडा लिहून देणाऱ्याकडून कागद घेऊ नका. प्राप्तिकर खात्यापुढे ठेवायचा अहवाल नोंदणीकृत मूल्यांककाचा घ्या. माझे काम त्याच्या हातात सौदे आणि इंडेक्स टूच्या प्रती देण्याचे. ते दिले नाहीत तर तोही बसल्या जागी लिहितो, आणि अहवालात ‘परिसरातील चौकशीनुसार’ असे एक वाक्य येते, ज्याला काहीच आधार नसतो.

राहता राहिली तुमची बहीण. २० टक्के आणि निर्देशांकाचा पर्याय फक्त निवासींना आहे, ती अनिवासी म्हणून तिला १२.५ टक्केच. तुमच्या आकड्यांत तसेही तेच स्वस्त आहे, त्यामुळे घरात त्यावरून वाद व्हायचे कारण नाही. पण खरेदीदार तुमच्या आणि आईच्या हिश्श्यावर १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) कापेल, तिच्या हिश्श्यावर मात्र अनिवासीचा, आणि तो बहुतेक वेळा नफ्यावर नव्हे तर तिच्या पूर्ण रकमेवर कापला जातो. ते टाळायचे तर तिने प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी टीडीएसचे प्रमाणपत्र आणायचे, आणि त्या अर्जात नफ्याचा हिशोब द्यावा लागतो, म्हणजे २००१ ची किंमत कागदासकट. हे प्रमाणपत्र एका दिवसात येत नाही. मी माझ्या पार्टीला करारनाम्याची तारीख ठरवण्याआधीच रेडी रेकनरचे पान आणि मूल्यांककाचा अहवाल तयार करून घ्यायला सांगतो. तुमचे टोकन अजून झालेले नसेल तर या आठवड्यात सोसायटीत जाऊन शेअर ट्रान्सफरची नोंदवही उघडा.